भातलावणीच्या आठवड्यातली मोजदाद

आमच्या गावात सकाळचा पेपर संध्याकाळी सात वाजता यायचा. मुळशीत, ताम्हिणीकडे जाणारा रस्ता सोडून आत वळलं की धरणाच्या कडेनं चढण लागते. त्या चढणीच्या शेवटी आमचं गाव. मुक्कामी गाडी तिथेच थांबायची, कारण पुढे रस्ता नाही. कंडक्टर आगारातला वाचून झालेला पेपर बगलेत मारून आणायचा आणि उतरल्या उतरल्या थांब्यासमोरच्या हॉटेलच्या बाकावर टाकायचा. "घ्या, चालवा राज्य," असं म्हणायचा. आणि आम्ही राज्य चालवायला बसायचो.

हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, दोन बाकं आणि एक भट्टी. रोज बसणारे आम्ही मोजकेच. मला चौथीला शिकवलेले आणि आता निवृत्त झालेले गुरुजी, हॉटेलवाला आणि मी. गाडीचा ड्रायव्हर जेवून लवकर आडवा व्हायचा, पण कंडक्टर चहा घेत बसायचा. दोघं समाजमंदिरात झोपायचे आणि सकाळी सहाला गाडी घेऊन परत निघायचे. त्यांचं रात्रीचं जेवण गावातल्या घरांच्या पाळीनं. पाळी आमची असली की बायको नाचणीच्या भाकरीबरोबर सुकट करायची, कारण ड्रायव्हरला ती आवडायची. गाडी सरकारची असली तरी ती आपली आहे असं गावाला वाटायचं, ते या जेवणामुळे.

मी त्या गाडीत वर्षातून दोन-तीनदा बसत असेन. मी उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. माझी मोटरसायकल आहे. हे आधी सांगितलेलं बरं.

मला बोलायला आवडायचं. बी.कॉम. बाहेरून केलेलं, अर्थशास्त्रात बरे मार्क पडलेले आणि पुढे आयुष्यभर नट-बोल्टांच्या नोंदी केलेल्या. त्यामुळे डोक्यात जे पडून राहिलं होतं, ते मी हॉटेलात काढायचो. कांद्याची निर्यात, बारा तासांची पाळी, बहिणींच्या खात्यात दरमहा जाणारे पैसे, रिंग रोडची जमीन. विषय कुठलाही असो, माझी बाजू ठरलेली असे. सरकारनं फुकट देऊ नये, फुकटानं माणूस मोडतो. मी वर्तमानपत्रांना पत्रंही लिहायचो. वर्षातून एखादं छापून यायचं. ते कात्रण मी पाकिटात ठेवायचो, घडीवर फाटेपर्यंत.

त्या पावसाळ्यात पेपरात सारखा एकच विषय होता. सार्वजनिक गाड्यांचा तोटा आणि बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत. गुरुजी सवलतीच्या बाजूचे.

"बाई घराबाहेर पडली तर तिचा पगार गावात येतो," ते म्हणाले. "तो किराणावाल्याकडं जातो, हितं चहाला येतो. ह्याला तोटा म्हणत्यात व्हय?"

मी म्हटलं, ज्या वस्तूची पूर्ण किंमत मोजली जात नाही तिची किंमत कुणाला कळत नाही. शिवाय डोंगरातल्या गाड्या रिकाम्याच धावतात, सवलत घ्यायला तरी कोण असतं.

कंडक्टरला आम्ही मत विचारलं. तो बशीतला चहा संपवून म्हणाला, "मी मशीन चालवतो. मत न्हाई चालवत."

सगळे हसले. मग गुरुजींनी माझ्याकडे वळून ते वाक्य टाकलं, ज्यावरून पुढचं सगळं झालं. "लेका, तू लई बोलतोस. पण तुझं सगळं दुसऱ्यानं छापलेलं. सोता कदी काय मोजलंयस का?"

मला ते लागलं. पन्नाशीला आलेल्या माणसाला चौथीच्या मास्तरानं पुन्हा बाकावर उभं केल्यासारखं वाटलं. मी ठरवलं, मोजायचं.

पुढच्या आठवड्यात मी चार संध्याकाळी हॉटेलच्या वळचणीखाली उभा राहून गाडीतून उतरणारी माणसं मोजली. एक दिवस दोघं उतरली. एक दिवस तिघं. एक दिवस फक्त ड्रायव्हर-कंडक्टर आणि एक कोंबड्यांची पाटी. चौथ्या दिवशी पाऊस असा होता की गाडी आली तेव्हा आत कोण आहे तेच दिसेना, पण उतरलं कुणी नाही. मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं. खाली रेघ मारली. स्टोअरच्या रजिस्टरला मारतो तशी.

तो आठवडा भातलावणीचा होता.

आमच्याकडे त्या आठ-पंधरा दिवसांत कुणी कुठे जात नाही. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही, म्हणून आमच्यात सावड असते. आज तुझ्या खाचरात सगळ्यांनी लावायचं, उद्या माझ्या. प्रत्येक घरातून एक माणूस जायलाच हवं. उरवड्याला, पिरंगुटला कामाला जाणाऱ्या बायकाही तेवढे दिवस खाडा करतात. त्या गाडीत बसणाऱ्या सगळ्या त्या आठवड्यात चिखलात वाकलेल्या होत्या. हे मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या स्वतःच्या खाचरात त्याच आठवड्यात लावणी चालू होती. मी रजेवर होतो. चिखलाचे पाय धुऊन मोजायला जात होतो.

आपण हे चुकीच्या आठवड्यात मोजतोय, हा विचार मला आलाच नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी आला होता. मी स्वतःला सांगितलं की आधी एवढं मोजू, मग श्रावणात पुन्हा मोजू आणि सरासरी काढू. श्रावणात मी मोजलं नाही. पत्र आषाढातच पाठवलं.

पत्रात मी गावाचं नाव घातलं, मुक्कामी फेरीची वेळ घातली आणि चार दिवसांची माझी मोजदाद. लावणीचा शब्द घातला नाही. शेवटी लिहिलं की सवलतीच्या नावाखाली रिकाम्या गाड्या डोंगर चढवण्यापेक्षा तोच पैसा जिथे प्रवासी आहेत तिथे वापरावा. वाक्य मला फार आवडलं होतं. बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हंजे आपली गाडी?" मी म्हटलं, आपली म्हणून नाही, उदाहरण म्हणून.

पत्र छापून आलं. ते आलं त्याच गाडीनं, कंडक्टरच्या बगलेतून. त्यानं आधीच वाचलं होतं. त्या दिवशी त्यानं पेपर बाकावर टाकला नाही, माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुमचं आलंय." मग हॉटेलवाल्याच्या आग्रहावरून मोठ्यानं वाचूनही दाखवलं. तोपर्यंत लावणी संपली होती आणि गाडी भरून आली होती. बायका डबे सांभाळत उतरत होत्या. त्यात माझी चुलत वहिनी होती. ती दोन वाक्यं ऐकण्यापुरती थांबली आणि घराकडे गेली. हॉटेलवाल्यानं त्या दिवशी माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. गुरुजी एवढंच म्हणाले, "छापलं, चांगलं झालं." गाडीतून उतरणाऱ्या माणसांकडे बघत म्हणाले.

वहिनीविषयी सांगायला हवं. मोठ्या चुलत्याच्या थोरल्या मुलाची ही बायको, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. भाऊ टँकरवर असतो, पंधरा दिवसांनी येतो, झोपतो आणि जातो. वहिनी उरवड्यालाच, पण वेगळ्या कारखान्यात, औषधाच्या बाटल्यांची झाकणं भरायच्या कामाला. सहा वर्षं ठेकेदाराकडून. सहाच्या गाडीनं जायची, सातला परत. गणपतीनंतर तिच्या सुपरवायझरनं सांगितलं की काही बायकांना कंपनी आपल्या पटावर घेणार आहे. अट एकच. शिमग्यापर्यंत एकही खाडा नको. वहिनीनं ही गोष्ट आमच्या ओट्यावर येऊन सांगितली होती. साखर मागायला म्हणून आली होती, पण वाटी रिकामीच घेऊन परत गेली, मागायचं विसरून. मी तिला इतकं बोलताना पहिल्यांदाच पाहिलं.

दसरा झाला आणि चार दिवसांनी कंडक्टर पेपर न टाकता बाकावर बसला. म्हणाला, उद्यापासून मुक्काम बंद. गाडी वरच्या फेरीला येणार नाही, खाली मोठ्या रस्त्यावरूनच वळणार. त्या रात्री जेवणाची पाळी गुरुजींच्या घरची होती. सकाळी गाडी गेली तेव्हा मी घरातच होतो. आवाज ऐकला.

हॉटेलवाला माझी समजूत घालायचा. "तुमच्या पत्रानं काय होतंय? सरकार कुनाचं ऐकतंय का?" तो भल्या मनानं म्हणायचा आणि मला ते दोन्ही बाजूंनी टोचायचं. पत्रामुळे गाडी गेली नसेल तर माझ्या लिहिण्याला कवडीचं मोल नव्हतं. मोल असेल तर गाडी मी घालवली होती. यातलं काय खरं असावं असं मला वाटत होतं, ते सांगायला लाज वाटते. काही दिवस मला वाटत होतं की आपल्या पत्राची दखल घेतली गेली.

मोठा रस्ता आमच्या गावापासून पायी सव्वा तास. वहिनी पहाटे निघून चालू लागली. कधी दुधाचा टेम्पो मिळायचा, कधी नाही. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम पहाटे निघून तिला अर्ध्या उतारावर गाठलं आणि म्हटलं, बसा वहिनी. तिची पाळी सातची, माझी आठची. मी तासभर लवकर निघायला लागलो. संध्याकाळी ती माझ्या गेटपाशी येऊन थांबायची. वाटेत आम्ही फार बोलत नसू. ती डबा मांडीवर धरून एका बाजूला पाय करून बसायची आणि वळणावर मागचा दांडा घट्ट धरायची. मला त्या दिवसांत बरं वाटत होतं. पापाची फेड चालू आहे असं वाटत होतं, आणि फेड तशी स्वस्तात होती. पेट्रोल तर जळणारच होतं.

अठरा दिवस मी तिला नेलं.

अठराव्या संध्याकाळी तिला उतरवून हॉटेलात गेलो. हॉटेलवाला कपबशा विसळत होता. वर न बघता म्हणाला, "आली का मुक्कामी? आन तिकीट कसं घेता, अर्दं का पुरं?"

बाकावर बसलेले दोघंतिघं मोठ्यानं हसले. गुरुजी हसले नाहीत. हॉटेलवाला वाईट माणूस नाही. अर्ध्या तिकिटावर पावसाळाभर मीच त्याचे कान किटवले होते, त्यानं माझंच मला परत दिलं. मी चहा न घेता घरी आलो. बायकोपर्यंत ते माझ्याआधी पोचलं होतं. ती एवढंच म्हणाली, "लोकांच्या तोंडी कशाला लागायचं?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो.

दुसऱ्या दिवशी वहिनीला सांगितलं की माझी पाळी बदलली. आता मी दुपारी जातो.

ती म्हणाली, "बरं."

पाळी बदललेली नव्हती. मी रोज आठच्याच पाळीला जात होतो. वहिनीचं घर उताराच्या तोंडाशी आहे. तिथून मोटरसायकल गेली की आवाज आत जातो, हे मला माहीत. म्हणून मी गावाच्या वरच्या टोकालाच इंजिन बंद करायचो आणि गाडी न्यूट्रलला टाकून तिच्या घरासमोरून नुसती घरंगळत न्यायचो. पुढच्या वळणापलीकडे गेलं की चालू करायचो. ती तोपर्यंत कधीच चालत निघून गेलेली असायची, म्हणजे ऐकायला ती घरात नसायचीच. तरी मी बंद करायचो.

थंडीत तिचा पाय मुरगळला. दोन दिवस पडून राहिली. मग टेम्पो चुकला आणि आणखी एक दिवस बुडाला. मार्गशीर्षात तिचं नाव यादीतून काढलं. कंपनीनं पटावर घेणं राहिलं बाजूला, ठेकेदारानं कामालाही नको म्हणून सांगितलं. ठेकेदाराला गाडी-बिडीशी काय करायचं. त्याला वेळेवर उभी राहणारी बाई हवी. अर्थशास्त्राच्या नावाखाली मी हेच मांडत आलो होतो की ज्याला गरज आहे तो मार्ग काढतो. ज्यांना मार्ग काढता आला त्या तीन बायका उरवड्यात खोली घेऊन राहिल्या. त्यांच्या नावापुढे आता गाव वेगळं लागतं. वहिनीला घरी म्हातारी सासू आहे, ती कुठे जाणार.

मग मी आगारात गेलो. तिचं नाव कापलं गेल्यावर गेलो, आधी नाही. गुरुजींना बरोबर घेतलं, अर्ज त्यांच्या अक्षरात होता. तिथला साहेब सभ्य होता. बसायला सांगितलं, फाईल मागवली. फाईल उघडली तेव्हा वरून तिसऱ्या कागदावर माझं कात्रण चिकटवलेलं होतं. चार दिवसांच्या मोजदादीखाली लाल शाईची रेघ.

"तुमच्याच गावच्या एका जागरूक नागरिकानं लिहिलंय बघा," साहेब म्हणाले.

अर्जावर सही गुरुजींची होती. साहेबांनी माझं नाव विचारलं नव्हतं. मी सांगितलं नाही. गुरुजी माझ्याकडे बघत होते. चौथीत उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या पोराकडे बघावं, तसे. मग त्यांनीच साहेबांना सांगितलं की ती मोजणी लावणीतली आहे. साहेब म्हणाले, असेल, पण आमच्याकडे लेखी हेच आहे. ते अगदी सरळपणे म्हणाले. गाड्या कमी आहेत, ड्रायव्हर कमी आहेत, कुठली तरी फेरी बंद करावीच लागणार होती. ज्या फेरीविरुद्ध कागद होता ती बंद झाली. पुन्हा हवी असेल तर रोज प्रवास करणाऱ्यांची यादी आणा, सह्यांनिशी. कुठे जातात, कधी जातात.

परतताना गुरुजी मोटरसायकलवर मागे बसले होते. पौडच्या पुढे म्हणाले, "मी तुला मोजायला सांगायला नको हुतं." मी म्हटलं, तसं नाही गुरुजी. ते म्हणाले, "तसंच हाय."

मी यादीचा कागद घेऊन घरोघर फिरलो. तेव्हा कळलं की यादी आता होऊच शकत नाही. गाडी होती तेव्हा प्रवासी होते. आता पोरांनी हप्त्यावर मोटरसायकली घेतल्यात, बायका घरी बसल्यात किंवा खाली राहायला गेल्यात. जी उरली तिला कुठे जातेस असं विचारलं तर ती म्हणते, कुठं न्हाई. रोज प्रवास करणारं खरं माणूस गावात एकही उरलं नव्हतं. खोट्या सह्या घेता आल्या असत्या. एका घरी त्यांनीच सुचवलं, "लिवा की आमची सगळ्यांची नावं, कोन बगतंय." पण मला आता खोटं मोजण्याची भीती बसली आहे.

सगळ्यात शेवटी वहिनीच्या घरी गेलो. ती पडवीत वरीचे दाणे पाखडत होती. मी कागद पुढे केला, समजावून सांगितलं. ती सूप हलवत ऐकत राहिली. मग सूप खाली ठेवलं.

"माजं नाव कशाला? मी आता कुटं जातीय?"

मी म्हटलं, गाडी सुरू झाली तर पुन्हा काम बघता येईल.

ती थोडी हसल्यासारखी वाटली. म्हणाली, "भावजी, तुमी मोजलं ना, त्या चार दिसात मी कुटं व्हते ठावं हाय?"

मी कागदावरच्या रिकाम्या ओळींकडे बघितलं.

"तुमच्याच खाचरात व्हते. दोन दिस. तुमच्या सावडीला. मला तवा सुपरवायझर म्हनला हुता, लई खाडं करू नगंस म्हनून. तरी आले."

मला ते दिवस आठवले. बायकोनं बांधावर भाकरी आणल्या होत्या आणि वहिनी चिखलाचे हात मागे धरून, तोंड पुढे करून पाणी पीत होती, मी वरून तांब्यानं ओतत होतो. संध्याकाळी ती घराकडे गेली आणि मी वही घेऊन हॉटेलकडे. हे दोन्ही मी आजवर एकत्र आठवलं नव्हतं. आठवू दिलं नव्हतं, असं लिहितो, म्हणजे खरं होईल.

तिनं माझ्या हातातून पेन घेतलं आणि सही केली. सातवीपर्यंत शिकलेली आहे, सही चांगली आहे. मी उठलो. उंबऱ्यापाशी आलो तेव्हा ती मागून म्हणाली, "आन ते उतारावर गाडी बंद करून जाता ते नका करू. सकाळचं दव असतंय. टायर सरकला तर धरायला कायबी न्हाई तितं."

म्हणजे ती घरात असायची. काम सुटल्यापासून रोज सकाळी असायची. माझी पाळी बदललेली नाही, हे तिला कधीपासून माहीत होतं कोण जाणे.

यादीवर एकच सही होती. ती आगारात नेण्यात अर्थ नव्हता. तरी नेली. साहेबांची बदली झाली होती. नव्या साहेबांनी कागद ठेवून घेतला आणि पोच दिली. मी वर्तमानपत्रालाही एक पत्र पाठवलं. माझी मोजणी लावणीच्या आठवड्यातली होती आणि ते मला माहीत होतं, असं त्यात लिहिलं. ते छापून आलं नाही. विषय आता जुना झालाय, सध्या पेपरात दुसरं काही आहे. हॉटेलात पेपर येत नाही. जो तो आपापल्या मोबाईलवर वाचतो आणि वाचून झालं की खिशात टाकतो. गुरुजी क्वचित येतात. राज्य कुणी चालवत नाही.

मी आता उतारावर इंजिन बंद करत नाही. आठच्या पाळीला निघतो, तिच्या घरासमोरून आवाज करत जातो. ती कधी अंगणात असते, झाडत किंवा शेण टाकत. वर बघत नाही.